तिसरा फोटो

रामटेके काकांचं आणि माझं पहिलं भांडण एका कटवरून झालं. पडद्यावर एक म्हातारा बसला होता. त्याचं बोलणं संपलं होतं, पुढं सांगण्यासारखं काही उरलं नव्हतं, म्हणून मी शॉट तिथं तोडला. मागच्या खुर्चीवरून काका म्हणाले, "काहून तोडलं?"

"बोलणं संपलं ना काका."

"बोलणं संपलं. माणूस कुठं संपला? तो श्वास घेऊन राहिला अजून. पाहू दे."

मी कट मागं घेतला. पुढची चाळीस सेकंद तो म्हातारा नुसता बसून होता. एकदा त्यानं आवंढा गिळला, दोनदा पापण्या मिटल्या, शर्टाची पट्टी हळूहळू वरखाली होत राहिली. मी लग्नाच्या फिल्मा कापणारी बाई. शॉट चार सेकंदांच्या वर ठेवला तर नवरीचे मामा फोन करून विचारतात, पेन ड्राइव्ह खराब आहे काय म्हणून. मी वैतागून म्हटलं, "काका, हे फोटो झाले. ही फिल्म नाही झाली."  शॉट मात्र त्यांनी मला तसाच ठेवायला लावला.

काकांना जाऊन आता दीड वर्ष झालं. त्यांच्याविषयी कोणी विचारलं तर मी सांगते की ते फोटोग्राफर होते आणि आयुष्यात त्यांनी एक फिल्म केली. ती फिल्म फारशी कोणी पाहिली नाही. जी पाहिली गेली ती त्यांची नव्हती.

रायपूरच्या गुढियारीत, धान्याच्या गोदामांच्या ओळीत त्यांचा दोन खोल्यांचा स्टुडिओ होता. पुढच्या खोलीत काउंटर आणि बुद्धाची पितळी मूर्ती, मागं निळा पडदा आणि एक स्टूल. माझे शाळेचे, कॉलेजचे, नोकरीच्या फॉर्मचे सगळे फोटो त्या स्टुलावर बसून काढलेले. माझे बाबा आणि ते दोघंही गोंदियाकडचे, दोघांचे वडील रेल्वेत, एवढ्या ओळखीवर ते आमच्या घरचे झाले होते. अंगानं उंच आणि खांद्यात वाकलेले. रायपूरच्या मे महिन्यातही पांढरा पूर्ण बाह्यांचा शर्ट, मनगटापर्यंत बटणं लावलेली, खिशात कंगवा. फोटो काढण्याआधी तो कंगवा ते समोरच्याच्या हातात देत आणि कॉलरचं बटण लावायला सांगत. हनुवटीला दोन बोटं लावून तोंड सरळ करत. "हसू नको. ज्याले पाहायचं हाय त्यानं तुले ओळखलं पाहिजे," असं म्हणत. बायको लवकर गेली. मुलगी भिलाईला, ती त्यांच्याशी हिंदीतच बोले. निव्वळ मराठी बोलायला म्हणून ते माझ्या एडिटिंगच्या खोलीवर येऊन बसतात, असं मला कधी कधी वाटे.

पासपोर्ट फोटोंवर त्यांचं घर चाले, पण त्यांचं खरं काम दुसरं होतं. शहरातल्या दोन-तीन ठाण्यांचं ते बाहेरून काम करत. बेवारस मृतदेह सापडला की हवालदार स्टुडिओवर निरोप पाठवी आणि काका स्कूटर काढत. पंचवीस वर्षं त्यांनी हे केलं. पुढं शिपायांच्या हातात कॅमेऱ्याचे मोबाइल आले आणि ते काम सुटलं.

प्रत्येकाचे ते तीन फोटो काढत. पहिला चेहऱ्याचा. दुसरा हातांचा, गोंदण असेल, बोट तुटलेलं असेल, घट्टे असतील म्हणून. तिसरा अंगावर सापडलेल्या एखाद्या वस्तूचा. ठाण्याला पहिलाच पुरेसा असे, बाकीचे दोन ही काकांची स्वतःची पद्धत. आणि पहिल्या फोटोआधी ते त्या माणसाला नीट करत. ओल्या रुमालानं तोंड पुसत, डोळे मिटत, केस विंचरत, सदऱ्याची बटणं गळ्यापर्यंत लावत. मानेखाली पोतं दुमडून ठेवत, म्हणजे चेहरा वर येई, आणि स्वतः गुडघ्यावर बसत.

"उभ्यानं काढला का तो पडलेला दिसते," ते मला एकदा म्हणाले होते. "खाली बसून काढला का माणूस दिसते. घरच्याईपुढं शेवटचा जाते तो. असातसा कसा जाईन?"

हवालदार घाई करत, नाकाला रुमाल लावून लांब उभे राहत. काकांची घाई कधी झाली नाही.

या पद्धतीवर त्यांचा विश्वास बसला तो बालोदकडच्या एका म्हाताऱ्यामुळं. त्याचा मुलगा इथं टाटीबंधला ट्रकखाली आला होता. महिन्याभरानं बाप ठाण्यात पोचला तेव्हा चेहऱ्यावरून त्याला खात्री होईना. मग काकांनी तिसरा फोटो पुढं केला: काळ्या दोऱ्यात ओवलेली पेटीची किल्ली. म्हाताऱ्यानं कमरेची तशीच किल्ली काढून टेबलावर ठेवली. पुढं त्यानं चेहऱ्याचा फोटोही मागून नेला. मुलगा मोठा झाल्यापासूनचा एकही फोटो घरात नव्हता. काही वर्षांनी काका त्या गावी गेले, तर तो फोटो चौकटीत भिंतीवर, हार घातलेला. मिटलेले डोळे, विंचरलेले केस. "झोपल्यावाणी दिसे," काका सांगत. ही गोष्ट त्यांनी मला तरी चार वेळा सांगितली असेल, आणि दर वेळी सांगून झाल्यावर ते शर्टाच्या बाह्या ओढून नीट करत.

फिल्मचं काम एका संस्थेकडून आलं. नव्या रायपूरला तिचं ऑफिस होतं. मजुरीसाठी घर सोडून गेलेले आणि परत न आलेले लोक, त्यांच्या घरच्यांवर फिल्म हवी होती. काकांना ठाणी माहीत, हवालदार माहीत, छत्तीसगढी चांगली येई, म्हणून कोणीतरी त्यांचं नाव सुचवलं. त्यांनी जुना व्हिडिओचा कॅमेरा आणि एक जड स्टँड घेतला, एडिटिंगला मला धरलं, आणि वयाच्या साठीत फिल्म काढायला लागले.

पहिल्या आठवड्यात त्यांनी आणलेलं चित्रीकरण मी लावून पाहिलं. कॅमेरा कुठंच हलत नव्हता. बसलेल्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवर स्टँड रोवलेला आणि समोर माणूस, सरळ, भिंतीला पाठ लावून. आधी चेहरा. मग मांडीवरचे हात. मग परत न आलेल्या माणसाची एखादी वस्तू, ओसरीवर ठेवलेली. प्रत्येक घरात हेच तीन शॉट. आणि प्रत्येक माणूस केस विंचरून, कॉलरचं बटण लावून, मान ताठ करून बसलेला.

"सगळे एकसारखे दिसतात, काका."

"एकसारखे नाही. नीट दिसते."

थोडा कॅमेरा फिरवा, घर दाखवा, असं मी सुचवून पाहिलं. ते म्हणाले, "मी हललो तर तो हललेला दिसत नाही ना."

हे वाक्य मला तेव्हा पटलं नाही. मग एका दुपारी माझ्या खोलीत बसून ते एका बाईचा चेहरा पाहत होते. ती काही बोलत नव्हती. नाकपुडी किंचित फुगत होती, मानेची शीर उडत होती. काकांनी खुर्ची पडद्याजवळ ओढली.

"पंचवीस वर्षं माह्यासमोर जे होते ते कोणीच हलले नाही, बेटा," ते म्हणाले. "तसाच बसतो मी आताही. तितकाच लांब, तितकाच खाली. पण हे हलते. तेच पाहतो मी."

त्यानंतर मी त्यांचे शॉट न विचारता तोडले नाहीत.

केवराबाईच्या घरी त्यांच्यासोबत मीही गेले होते, कारण त्या दिवशी आवाज रेकॉर्ड करणारा माणूस आला नव्हता. भनपुरीच्या ट्रक यार्डांमागं एक पारा, म्हणजे वस्ती आहे, तिथं ती राहायची. तिचा नवरा यार्डात माल चढवायचा. नऊ वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यात, शहराच्या दुसऱ्या टोकाला बांधकामावर माणसं घेताहेत असं ऐकून तो सकाळी निघाला, संध्याकाळी येतो म्हणाला, आणि आला नाही. केवराबाईच्या भांगात सिंदूर होता, हातभर बांगड्या होत्या. काकांनी दिलेला कंगवा तिनं केसांवरून फिरवून परत केला आणि सगळं कोरड्या आवाजात सांगितलं. कोणत्या ठाण्यात किती वेळा गेली तेही सांगितलं.

वस्तू म्हणून तिनं एक गमछा आणला. तिनं एकाच कापडाचे दोन केले होते, एक तो घेऊन गेला होता. इतर हमालांच्या गमछ्यांत मिसळू नये म्हणून दोन्हींच्या कोपऱ्यात तिनं पिवळ्या दोऱ्यानं मासळी काढली होती. काकांनी गमछा ओसरीवर पसरला आणि कॅमेरा खाली घेतला. तो शॉट फार लांबला. मग ते कॅमेरा उचलून उठले आणि केवराबाईला नीटसा निरोप न घेताच बाहेर पडले. कॅमेरा बंद करायचा राहून गेला होता. त्या टेपात पुढची सहा मिनिटं नुसती जमीन आहे आणि आमची पावलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी खोली उघडायच्या आधी ते पायरीवर बसलेले होते. मांडीवर एक अल्बम. ठाण्याला दिलेल्या प्रत्येक फोटोची एक प्रत ते स्वतःकडं ठेवत. त्यांनी खूण घातलेलं पान उघडलं. उन्हाची लू लागून मेलेला एक माणूस, नव्या रायपूरकडं जाणाऱ्या रस्त्याच्या कडेला झाडाखाली सापडलेला. चेहरा. हात. तिसऱ्या फोटोत जमिनीवर पसरलेला गमछा होता आणि त्याच्या कोपऱ्यात पिवळी मासळी.

"बेवारस म्हणून पुरला याले," काका म्हणाले. "मी होतो तिथं."

त्यानंतर आठ दिवस ते तिच्याकडं गेले नाहीत. स्टुडिओ उघडत, स्टुलावर स्वतःच बसून राहत. संस्थेच्या साहेबांचा मला फोन आला तेव्हा काम का थांबलं ते माझ्या तोंडून निघून गेलं. साहेब म्हणाले की हे तिला कॅमेऱ्यासमोरच सांगा, फिल्मचा शेवट तिथंच आहे. मी काकांना हे सांगितलं ते घाबरतच.

"त्याईले सांग, कॅमेरा बिघडला," ते म्हणाले. आणि मग, "तू चाल माह्यासंगं. बाईमाणूस पाहिजे."

केवराबाई अंगणात चिंच फोडत होती. काकांनी आधी तिसरा फोटो दिला. तिनं तो पाहिला, उठली, आतून आपला गमछा आणला आणि फोटोशेजारी ठेवला. कोपरा कोपऱ्याला लावला. मग हात पुढं केला. काकांनी चेहऱ्याचा फोटो दिला.

तो तिनं खूप वेळ पाहिला. मी तिच्याजवळ जाऊन बसले होते, ती रडेल म्हणून. ती रडली नाही.

"ये फोटू ला मैं देखे हंव," ती म्हणाली. "थाना म देखाय रिहिन."

हा फोटो तिनं आधी पाहिला होता. नऊ वर्षांपूर्वी, तो गेल्यावर महिन्याभरात, ठाण्यात तिच्यापुढं हाच फोटो ठेवला होता, फक्त हाच. आणि हा माझा माणूस नव्हे, असं तिनं सांगितलं होतं.

काकांनी विचारलं, "काबर?" का म्हणून.

"वो ह कभू चूंदी नइ कोरय. गला के बटन नइ लगावय. मैं सोचेंव, कोनो बाबू होही."

त्यानं जन्मात कधी केस विंचरले नव्हते, गळ्याचं बटण लावलं नव्हतं. फोटोतला माणूस तिला कोणी ऑफिसातला बाबू वाटला होता. हे तिनं रागानं म्हटलं नाही. पुन्हा एकदा फोटोकडं पाहून तिनं केस कोणी विंचरले होते ते विचारलं, "कोन कोरे रिहिस?"

काका म्हणाले, "मैं."

ती त्यांच्याकडं पाहत राहिली. मग दोन्ही फोटो तिनं गमछ्यात गुंडाळले, कमरेला खोचले, आणि पाट ओढून उरलेली चिंच फोडायला घेतली. आम्ही किती वेळ उभे होतो कोण जाणे. तिनं जा म्हटलं नाही, बसाही म्हटलं नाही.

परत येताना स्कूटर मी चालवत होते. ट्रकांच्या गर्दीत काकांनी थांबायला सांगितलं, उतरून एका टायरच्या दुकानाशेजारी बसले. मी पाणी आणलं. ते त्यांनी प्यायलं नाही.

"मी त्याले नीट केलं," ते म्हणाले. "इतकं नीट केलं का त्याच्या बायकोले तो सापडला नाही."

ठाण्यात तिला तिसरा फोटो दाखवायला हवा होता, चूक पोलिसांची आहे, असं मी म्हणाले. ते खरंही होतं.

"त्याईचं त्याईपाशी. कंगवा माह्या हातात होता."

त्या दिवसानंतर त्यांच्या खिशात कंगवा मी पाहिला नाही. आधी चित्रित केलेल्या सगळ्या घरी ते पुन्हा गेले. स्टँड त्याच उंचीवर, कॅमेरा तसाच न हलणारा, तेच तीन शॉट. पण आता कोणाला काही सांगणं नव्हतं. जो जसा असेल तसा येऊन बसे. फाटक्या बनियनमधला म्हातारा, पिठाचे हात घेऊन आलेली सून, मधेच उठून कोंबडी हाकलणारी आणि परत येऊन बसणारी आई. मी ते पहिल्यांदा लावून पाहिलं तेव्हा ही माणसं मी आधी पाहिलीच नव्हती असं मला वाटलं. काका मागं बसून पाहत होते. बरं झालं काका, असं मी म्हणाले, तर ते म्हणाले, "पंचवीस वर्षांचं कसं करू? ते तर पुरले गेले."

केवराबाईनं त्यांना पुन्हा अंगणात घेतलं नाही. तिचं सगळं त्यांनी फिल्ममधून काढायला लावलं, गमछ्याचा शॉटसुद्धा.

आम्ही दोघांनी मिळून तासाभराची फिल्म उभी केली. संस्थेला ती फार संथ वाटली. साहेबांनी दुसऱ्या कोणाकडून ती अकरा मिनिटांची करवून घेतली, खाली बासरी टाकली, वर एका बाईचा गहिवरलेला आवाज टाकला, आणि नव्या रायपूरच्या एका सभागृहात दाखवली. टाळ्या झाल्या, जेवण झालं. काका शेवटच्या ओळीत बसले होते. परतताना बस मिळेना. त्या रुंद, रिकाम्या रस्त्यावरून आम्ही बराच वेळ चालत होतो, ते पुढं आणि मी मागं. एका चौकात थांबून त्यांनी मला विचारलं, "बासरी काहून टाकली?"

मग त्यांनी स्टुडिओ आठवड्यातून तीनच दिवस उघडायला सुरुवात केली. उरलेल्या दिवसांत ते अल्बममधले वस्तूंचे फोटो घेऊन गावोगाव फिरू लागले. फोटोमागं हवालदारानं सांगितलेलं काहीबाही लिहिलेलं असे: अमक्या बाजूचा असावा, बोलीवरून कोणी तमक्या तालुक्याचा म्हणालं. तेवढ्यावर ते जात. पारावर, हातपंपावर, किराणा दुकानात फोटो दाखवत. बहुतेक ठिकाणी काही निघत नसे. कवर्ध्याकडं एका घरी कडदोरा ओळखला गेला, तर मेलेल्याच्या भावानं त्यांच्या अंगावर घागर रिकामी केली. वहिनीचं दुसरं लग्न होऊन पाच वर्षं झाली होती, आता कशाला आलास म्हणून. काका ओल्या कपड्यांत बसनं परत आले. साखरेचा आजार होता, पाय सुजत. मुलीनं भिलाईहून येऊन समजावलं, मी समजावलं. ते ऐकून घेत आणि दोन दिवसांनी पुन्हा निघत.

त्यांना मी शेवटचं पाहिलं ते बसस्टँडवर, चैत्रातल्या एका सकाळी. एका लग्नाची फिल्म महासमुंदच्या बसच्या ड्रायव्हरकडं द्यायला मी गेले होते. शेजारच्या बसमध्ये काका दिसले. मांडीवर फोटोंची कापडी पिशवी, चपला काढून पाय समोरच्या दांडीवर टेकवलेले. आणि त्यांच्या पलीकडं, खिडकीशी, केवराबाई बसली होती. भांग रिकामी होती.

मी खिडकीखाली गेले. काकांना विचारलं, ह्या कशा?

"मी नाही बोलावलं," ते म्हणाले. "एक दिवस स्टुडिओवर आली. कुठं जाऊन राहिले म्हणून विचारलं. तवापासून येते."

मी केवराबाईकडं पाहिलं. तिनं मला ओळखलं होतं. काकांनी काय सांगितलं ते तिला समजलं असावं, कारण मी न विचारताच ती म्हणाली, "येला बताय बर नइ आवय. सीधा फोटू धरा देथे." याला सांगता येत नाही, सरळ फोटोच हातात ठेवतो.

 तिनं काकांना माफ केलं होतं की नाही ते मला कळलं नाही, आणि ते विचारण्याची जागाही नव्हती. कंडक्टर गावांची नावं ओरडत होता. मी काकांना औषध घेतलं का विचारलं, त्यांनी मान हलवली. बस सुरू झाली तशी त्यांच्या मांडीवरची पिशवी घसरायला लागली. केवराबाईनं त्यांच्याकडं न पाहता ती ओढून आपल्या मांडीवर घेतली आणि दोन्ही हात वर ठेवले. बस फाटकातून वळली तेव्हा दोघं समोर पाहत होते.